पहिल्यांदाच एल्फ खेळताय? वयाचा आणि जादूचा हिशेब आधी बसवा

फँटसी रोलप्लेइंग गेममध्ये, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक काल्पनिक पात्र वठवायच्या खेळात, नवा खेळाडू एल्फ (माणसासारखा दिसणारा काल्पनिक वंश) निवडतो, तेव्हा कॅरॅक्टर शीटवरच्या, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावरच्या, वयाच्या रकान्यात हमखास एखादा भारदस्त आकडा पडतो. तीनशे बारा. चारशे सत्तर. आणि पहिल्याच सेशनला (खेळाच्या बैठकीला) हे चारशे सत्तर वर्षांचे गृहस्थ सराईच्या मालकाशी खोलीच्या भाड्यावरून कॉलेजातल्या पोरासारखी हुज्जत घालतात. आकडा शीटवर राहतो, खेळात उतरतच नाही. जादूचंही तसंच. ‘एल्फ म्हणजे जादुई’ एवढं डोक्यात असतं. पण फासा दोनदा कधी टाकायचा आणि कधी नाही, हे ऐन लढाईत पानं उलटून शोधावं लागतं.

हे दोन्ही घरी बसून आधीच ठरवता येतं. क्रम शक्यतो पाळा, कारण पहिला प्रश्न सुटल्याशिवाय पुढचे सुटत नाहीत.

१. आधी विचारा: इथले एल्फ किती जगतात?

सगळ्या खेळांतला एल्फ एकच, या समजुतीत राहू नका. गेम चालवणाऱ्याला, म्हणजे डीएमला, पहिला प्रश्न हाच विचारायचा.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत एल्फ ७५० वर्षांपर्यंत जगू शकतो, २०२४ च्या नियमांतही साधारण तेवढंच. पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत (२०१९) हा आकडा ६०० च्या आसपास आहे. जुन्या पुस्तकांत हात आणखी सैल होता: १९७९ मधल्या डीएमसाठीच्या पुस्तकात ‘ग्रे’ घराण्यातला एल्फ २००० वर्षांपर्यंत आणि ‘हाय’ घराण्यातला १६०० पर्यंत पोचायचा. पुढे २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत कमाल वय फाशांवर गेलं, ३५० अधिक शंभरीचे चार फासे. चारही फाशांवर शंभर पडले तर बरोबर ७५०.

हे झाले एकाच घराण्यातले चुलतभाऊ. बाहेर पडलात तर चित्रच बदलतं. १९८९ साली आलेल्या शॅडोरनमध्ये जादू २०११ मध्ये जगात परत येते आणि साध्या माणसांच्या पोटी एल्फ बाळं जन्माला येऊ लागतात. पहिल्या आवृत्तीचा खेळ घडतो २०५० मध्ये. म्हणजे तिथल्या रस्त्यावर भेटणारा थोरातला थोर एल्फ चाळिशीच्या आतला, आणि हे लोक म्हातारे कधी होतात हे अजून कुणी पाहिलेलंच नाही. (मागच्या युगातले काही अमर एल्फ तिथे लपून आहेत, पण ती भानगड डीएमवर सोडा.) रूनक्वेस्टच्या ग्लोरांथा जगात एल्फ चक्क वनस्पती आहेत; पानगळीच्या झाडांशी नातं असलेले तपकिरी एल्फ हिवाळाभर झोपतात, सूचिपर्णी झाडांचे हिरवे एल्फ जागे राहतात. आणि ड्रॅगन एजमध्ये एल्फ माणसांइतकंच जगतात. त्यांचे पूर्वज अमर होते ही त्यांच्याकडे उरलेली दंतकथा, आणि त्या हरवलेल्या आयुष्याचं दुःख हाच त्यांच्या गोष्टीचा गाभा.

तेव्हा ‘मी शतकानुशतकं जगतोय’ हे वाक्य पाठ करण्याआधी तुमच्या टेबलावर ते खरं आहे का ते विचारून घ्या. पुढचं सगळं मी डंजन्स अँड ड्रॅगन्सचे आणि पाथफाइंडरचे लांब आयुष्याचे एल्फ धरून लिहितोय, कारण नव्या खेळाडूंपैकी बरेचजण तिथूनच सुरुवात करतात.

२. वयाला नऊने भागू नका

नवखे लोक एक सोपा हिशेब करतात. माणूस ऐंशी वर्षं जगतो, एल्फ साडेसातशे. म्हणजे साधारण नऊपट. मग शंभर वर्षांचा एल्फ हा अकरा वर्षांचा पोरगा झाला! हिशेब नीटनेटका आहे आणि साफ चुकीचा आहे.

पाचव्या आवृत्तीत एल्फचं शरीर माणसाच्याच वेगाने वाढतं. विशीत तो अंगापिंडाने पूर्ण वाढलेला असतो. ‘मोठा’ मात्र तो समाजाच्या लेखी शंभरीच्या आसपास होतो, आणि तेही स्वतः जाहीर केल्यावर. तोवर त्याला बालपणीच्या नावाने हाक मारतात. मोठं झाल्यावर तो स्वतःचं नाव स्वतः निवडतो. पाथफाइंडरमध्येही शरीर विसाव्या वर्षाच्या सुमारास पक्कं होतं आणि पूर्ण प्रौढ मानतात ते शंभरच्या आसपास.

म्हणजे विशी ते शंभरी हा ऐंशी वर्षांचा एक विलक्षण पट्टा आहे. चाळीस वर्षांचा एल्फ धनुष्य ताणू शकतो, प्रेमात पडू शकतो, माणसांच्या गावात त्याच्या वयाचे लोक बापच काय, सासरेही झालेले असतात. पण घरी आजही त्याला लहानपणच्या नावाने हाक मारतात आणि पंचायतीत बोलू देत नाहीत. घरातून पळून आलेला, अजून मोठ्यांचं नाव न घेतलेला एल्फ हे पहिल्या कॅरॅक्टरसाठी मला सगळ्यात सोपं आणि रसाळ बीज वाटतं. त्यात तुम्हाला शहाणपणाचं सोंग आणावं लागत नाही.

तिसऱ्या आवृत्तीवर किंवा तिच्यावरून निघालेल्या पाथफाइंडरच्या पहिल्या आवृत्तीवर खेळत असाल तर गणित वेगळं. तिथे एल्फचं सुरुवातीचं वयच ११० अधिक फासे: रोग (rogue, चोरटा) वगैरे पेशांसाठी सहा बाजूंचे चार फासे, विझर्डसाठी, म्हणजे जादूगारासाठी, दहा. त्यामुळे नवशिका विझर्ड सरासरी १४५ वर्षांचा निघतो. १७५ ला मध्यमवय लागतं, आणि तिथून शरीराचे गुण घटून बुद्धीचे वाढायला लागतात. त्या नियमांत आकडा नुसता शोभेचा राहत नाही, तेव्हा तो टाकण्यापूर्वी तक्ता बघा.

सल्ला विचाराल तर पहिल्या एल्फचं वय १०० ते १६० च्या दरम्यान ठेवा. एवढ्या काळात माणसांच्या पाच-सहा पिढ्याच होतात. त्या डोक्यात ठेवता येतात. सहाशे वर्षांचा एल्फ हवाच असेल तर हवा, पण मग सहाशे वर्षांतल्या राजवटी, युद्धं आणि साथी यांबद्दल टेबलावरचा प्रत्येकजण तुम्हाला विचारणार आणि तुम्ही दर वेळी डीएमच्या तोंडाकडे बघणार.

३. मधली वर्षं कुठे गेली?

आता सगळ्यात जुनं कोडं. माणूस एकोणिसाव्या वर्षी पहिल्या लेव्हलचा (कसबाच्या पहिल्या पायरीचा) फायटर, म्हणजे लढवय्या, होतो. एल्फ एकशे चाळिसाव्या वर्षीही पहिल्याच लेव्हलवर. मधली शंभर-सव्वाशे वर्षं हा काय झोपला होता?

यावर बरीच उत्तरं दिली जातात. एल्फ घाई करत नाहीत, एका गाण्यावर दहा वर्षं घालवतात, वगैरे. मला त्यातलं एकच खरं कामाचं वाटतं: लेव्हल हे वयाचं माप नाहीच, ते धोक्याचं माप आहे. साठ वर्षं एकाच खोऱ्याची राखण करणारा एल्फ त्या खोऱ्यातलं प्रत्येक झाड ओळखेल, पण त्याने ड्रॅगन पाहिलेला नसेल आणि अंधाऱ्या तळघरात कुणी त्याच्या जिवावर उठलेलं नसेल. तो अनुभवी आहे, फक्त या प्रकारच्या कामात नाही. पार्टीतला, म्हणजे खेळाडूंच्या टोळीतला, माणूस गेल्या दोन वर्षांत तीनदा मरता मरता वाचला असेल, म्हणून दोघं एका रांगेत उभे आहेत.

पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीने हे नियमांतही छान बसवलंय. एन्शंट एल्फ हा वारसा घेतला तर दुसऱ्या क्लासची, म्हणजे पेशाची, तोंडओळख पहिल्या लेव्हललाच मिळते. आधीच्या आयुष्यात कधीतरी तो धंदाही करून झालाय असं समजायचं. आणि अ‍ॅन्सेस्ट्रल लाँजेव्हिटी हे फीट (निवडून घ्यायची खास क्षमता) घेतलं तर रोज सकाळच्या तयारीच्या वेळी तुम्ही एखादं नवं कौशल्य त्या दिवसापुरतं ‘आठवू’ शकता. नवख्याला मी हे डोळे झाकून सुचवेन. दर सकाळी टेबलावर एक वाक्य बोलायची सोय होते: ‘थांबा, नाव वल्हवायला मी शिकलो होतो. कुणाकडून बरं...’

बॅकस्टोरी, म्हणजे पात्राची पूर्वकथा, लिहिताना दीडशे वर्षांचा इतिहास लिहू नका. कुणी वाचत नाही, डीएम तर नाहीच. फक्त चार गोष्टी लिहा: एक जागा, एक ओळखीचं कुटुंब, एक अर्धवट काम, आणि घर का सोडलं. नमुना घ्या.

सायलेन, वूड एल्फ, रेंजर (रानाची राखणदार), वय १३७. नदीच्या वरच्या अंगाला एका खोऱ्याची साठ वर्षं राखण. खालच्या खेड्यात लोहाराचं घर. बाणांची पाती तिथूनच घ्यायची. आधी आजोबाकडून, मग मुलाकडून, आता नातीकडून. ती नात पाळण्यात असताना सायलेनने तिच्यासाठी खुळखुळा कोरला होता. आज नातीचे केस पांढरे झालेत आणि ती सायलेनला ‘अगं पोरी, जरा जपून जा’ म्हणून दटावते. सायलेन ऐकून घेते. अर्धवट काम: खोऱ्याचा नकाशा, ज्यात ती दर दहा वर्षांनी नदीचं बदललेलं पात्र पुन्हा काढते. घर का सोडलं: दोन वर्षांपूर्वी वरचा झरा आटला आणि का आटला हे खोऱ्यात बसून कळण्यासारखं नव्हतं.

झालं. यातून नेचर आणि सर्व्हायव्हल ही कौशल्यं आपोआप आली. शहरात गेल्यावर तिला कुलूप म्हणजे काय ते समजावून सांगावं लागेल, हेही आलं. डीएमला एक झरा मिळाला, एक म्हातारी मिळाली आणि एक नकाशा मिळाला, ज्याची जुनी पानं कधीही कामाला येतील.

४. ‘जादुई’ म्हणजे नेमकं काय?

एल्फ आणि जादू यांची गाठ या छंदाच्या पहिल्या दिवसापासून आहे. १९७४ च्या मूळ डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये एल्फ एका मोहिमेत लढवय्या आणि पुढच्या मोहिमेत जादूगार होऊ शकायचा. बदल्यात लढवय्या म्हणून चौथ्या आणि जादूगार म्हणून आठव्या लेव्हलला त्याची वाढ खुंटायची. माणसाला असली मर्यादा नव्हती. १९८१ च्या बेसिक संचात तर ‘एल्फ’ हाच एक क्लास होता. चिलखत अंगावर चढवून जादूगाराचे स्पेल (मंत्र) टाकणारा असा तिथे तोच एक, म्हणून दुसऱ्या लेव्हलला जायला फायटरला २००० अनुभवगुण लागत तिथे एल्फला ४०००. लांब आयुष्य आणि जादू यांची किंमत खेळाने नेहमी कुठून तरी वसूल केलीय. वॉरहॅमर या खेळाच्या चौथ्या आवृत्तीतले एल्फ बहुतेक गुणांत माणसाच्या पुढे असतात, पण मरणातून वाचवणारे फेट पॉइंट त्यांच्या वाट्याला कमी येतात.

आजच्या पाचव्या आवृत्तीत ही जादू दोन ठिकाणी राहते. एक, अंगातच मुरलेली, जी सगळ्या एल्फांत असते. दुसरी, घराण्याप्रमाणे मिळणारी.

अंगातली जादू म्हणजे फे अ‍ॅन्सेस्ट्री. नवख्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सावकाश वाचा. तुम्हाला ‘चार्म्ड’ (मोहिनीखाली) होण्याविरुद्धच्या सेव्हिंग थ्रोवर, म्हणजे बचावाच्या फाशावर, अ‍ॅडव्हांटेज आहे, म्हणजे वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा. शिवाय जादू तुम्हाला झोपवू शकत नाही. एवढंच. याचा अर्थ मनावर होणाऱ्या सगळ्या हल्ल्यांपासून तुम्ही सुरक्षित आहात असा मुळीच नाही. चार्म पर्सन, डॉमिनेट पर्सन, हिप्नॉटिक पॅटर्न, व्हँपायरची नजर, हार्पीचं गाणं: इथे अ‍ॅडव्हांटेज मिळतो, कारण परिणामात ‘चार्म्ड’ हा शब्द आहे. होल्ड पर्सन माणसाला जागच्या जागी खिळवतो, त्यात तो शब्द नाही, म्हणून एल्फही तसाच खिळतो. फिअर, कन्फ्यूजन यांचंही तेच. झोपेच्या बाबतीतही अट ‘जादूने’ अशी आहे. विष जादुई नसेल आणि त्याने बेशुद्धी येत असेल, तर एल्फ इतरांसारखाच आडवा होतो. ड्रो या एल्फ घराण्याचं प्रसिद्ध विष याच कामाचं. स्पेलच्या वर्णनात ‘चार्म्ड’ शब्द शोधायची सवय लावा, अर्ध्या शंका तिथेच मिटतील.

अंधारात दिसणं, म्हणजे डार्कव्हिजन, हेही अंगातलंच. ६० फुटांपर्यंत गडद अंधार तुम्हाला मंद उजेडासारखा दिसतो, तोही काळ्या-पांढऱ्या छटांत. रंग कळत नाहीत. आणि मंद उजेडात नजरेवर अवलंबून असलेल्या परसेप्शनला (आसपासचं टिपण्याच्या कौशल्याला), दोन फाशांतला लहान आकडा घ्यायला लावणारा, डिसअ‍ॅडव्हांटेज असतो. हे बहुतेकजण विसरतात आणि ‘मी एल्फ आहे, मशाल कशाला?’ म्हणत सापळ्यात पाय घालतात. मशाल घ्या. पाथफाइंडरच्या एल्फांना तर बहुधा लो-लाइट व्हिजनच असते. मंद उजेडात त्यांचं काही अडत नाही, मिट्ट काळोखात मात्र ते तुमच्या-आमच्याइतकेच आंधळे.

घराण्याची जादू २०२४ च्या नियमांत जास्त सुटसुटीत झालीय. हाय एल्फला प्रेस्टिडिजिटेशन ही कँट्रिप (कितीही वेळा टाकता येणारा छोटा स्पेल), तिसऱ्या लेव्हलला डिटेक्ट मॅजिक आणि पाचव्याला मिस्टी स्टेप. वूड एल्फला ड्रुइडक्राफ्ट, मग लाँगस्ट्रायडर, मग पास विदाउट ट्रेस. ड्रोला डान्सिंग लाइट्स, फेअरी फायर आणि डार्कनेस. तुमचा एल्फ फायटर असो वा रोग, हे मिळतंच. २०१४ च्या नियमांत हाय एल्फला विझर्डची कुठलीही एक कँट्रिप निवडता येत होती, वूड एल्फला स्पेल नव्हते, पण ३५ फुटांचा वेग आणि पानापावसाच्या आडोशाला लपण्याची हातोटी होती. २०१४ आणि २०२४ ची पुस्तकं एकत्र करू नका. टेबलावर कुठलं चालतं ते विचारा.

खेळताना एक करून बघा. क्लासमधून आलेली जादू तुमचा एल्फ शिकलाय. तिला हातवारे, मंत्र, पुस्तक शोभतं. घराण्याची जादू मात्र त्याला उपजत येते, म्हणून ती वर्णनात वेगळी वाटू द्या. हाय एल्फ रोग बोलता बोलता वाटीतलं पाणी नुसत्या बोटाने गरम करतो आणि समोरचे का टक लावून बघतायत हे त्याला कळतही नाही. यासाठी एकही जादा नियम लागत नाही.

५. रात्रीचे चार तास

डंजन्स अँड ड्रॅगन्सचे एल्फ झोपत नाहीत. ते चार तास ध्यानस्थ, अर्धवट जागे राहतात. याला ट्रान्स म्हणतात. २०२४ च्या नियमांत चार तासांत लाँग रेस्ट (रात्रीची पूर्ण विश्रांती) पूर्ण होते, असं स्पष्ट लिहिलंय. २०१४ च्या शब्दरचनेवरून वाद झालेले आहेत, तेव्हा पहिल्याच मुक्कामाआधी डीएमचं मत घ्या.

पार्टीसाठी याचा फायदा पहाऱ्यात होतो. बाकीच्यांना विश्रांतीसाठी आठ तास हवेतच, त्यामुळे एल्फ लवकर उठला म्हणून पार्टी लवकर निघत नाही. पण उरलेले चार तास तो सलग पहारा देऊ शकतो. चार जणांच्या पार्टीत दोन एल्फ असतील तर माणसांनी रात्रभर झोपावं, पहारा एल्फांनी वाटून घ्यावा. लवकर उठून लगेच दुसरी लाँग रेस्ट घेण्याची युक्ती मात्र चालत नाही. २०२४ च्या नियमांत दोन रेस्टमध्ये सोळा तास जावे लागतात.

आता हे वयाशी जोडून बघा. दिवसाला चार तास जादा, असे शंभर वर्षं. बेरीज होते सोळा वर्षांहून जास्त. बाकीचं जग घोरत असताना तुमच्या एल्फने सोळा वर्षं एकट्याने काढलीयत. तेव्हा तो काय करतो हे ठरवून टाका, आणि एकच ठरवा: कोरीवकाम, ताऱ्यांच्या नोंदी, झोपलेल्या सोबत्यांची चित्रं, काहीही. सायलेन आपला नकाशा काढते. मुक्कामाच्या प्रसंगात डीएमने ‘तू काय करतेस?’ विचारलं की उत्तर तयार असतं.

ट्रान्समध्ये काय दिसतं हेही वापरण्यासारखं आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या एल्फ-पुराणानुसार आत्मे कोरेलॉन या देवाच्या दारातून पुन्हा पुन्हा जन्माला येतात, आणि लहानपणीच्या ट्रान्समध्ये मागच्या अस्तित्वाच्या आठवणी दिसतात. मोठं होताना त्या विझतात, त्यांच्या जागी स्वतःच्या आयुष्यातल्या आठवणी येतात. तुमचा एल्फ शंभरीच्या आतला असेल, तर त्याला कधीही न पाहिलेला एखादा दरवाजा स्वप्नासारखा आठवू शकतो. डीएमला हे सांगून ठेवा. तो दरवाजा कुठेतरी ठेवल्याशिवाय राहणार नाही.

६. वय पळवणाऱ्या जादूशी गाठ पडली तर

लांब आयुष्याचा नियमांत थेट फायदा फार थोड्या ठिकाणी होतो. त्यातलं एक २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतलं भूत. त्याचा भेसूर चेहरा दिसला की ६० फुटांतल्या प्रत्येकाने विझडम या गुणावर १३ चा सेव्ह (बचावाचा फासा) द्यायचा. हुकला तर भीती. पाच किंवा त्याहून जास्त फरकाने हुकला, तर चार बाजूंचा फासा टाकून गुणिले दहा, तेवढी वर्षं अंगावर चढतात.

सायलेन आणि चोवीस वर्षांचा एक माणूस विझर्ड एकाच खोलीत आहेत. दोघांचाही सेव्ह सपशेल पडतो. विझर्डच्या फाशावर चार: तो एका क्षणात चौसष्ट वर्षांचा होतो, हात थरथरतात, दाढी पांढरी. सायलेनच्या फाशावरही चार. १३७ अधिक ४०, १७७. चेहऱ्यावरची रेघही हलत नाही. भीतीने मात्र तीही गारठलेलीच आहे, कारण ‘फ्राइटन्ड’विरुद्ध फे अ‍ॅन्सेस्ट्री काही देत नाही. ग्रेटर रेस्टोरेशनने चोवीस तासांच्या आत हे वय उतरवता येतं. तो स्पेल जवळ नसला, तर पुढची दोन-तीन सेशन्स पार्टी कसला शोध घेणार हे वेगळं सांगायला नको.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या जुन्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्तीच्या नियमांत वेगवान करणारा हेस्ट हा स्पेलसुद्धा अंगावर घेणाऱ्याचं एक वर्ष खायचा. माणसं तो जपून वापरायची, एल्फ उधळायचे. त्याच नियमांत एक काटाही होता: रेझ डेड हा मेलेल्याला उठवणारा स्पेल एल्फांवर चालतच नसे. जुन्या पद्धतीचा खेळ खेळायला बसत असाल तर हे आधी विचारा. हजार वर्षांचं आयुष्य एका खड्ड्यात संपू शकतं.

७. अल्पायुषी सोबत्यांबरोबर

‘तुम्ही सगळे मराल आणि मी उरेन’ हे रडगाणं प्रत्येक नवा एल्फ गातो. एकदा गायलं तर ठीक. तिसऱ्या सेशनला टेबल कंटाळतं. त्याऐवजी वेळेचा फरक छोट्या व्यवहारांत दाखवा. तुमचा एल्फ ‘परवाच’ म्हणतो आणि ती गोष्ट वीस वर्षांपूर्वीची निघते. तो ‘नंतर शिकवतो’ म्हणून सोबत्याला टाळतो आणि सोबती विचारतो, ‘नंतर म्हणजे माझ्या हयातीत का?’ तो माणसांच्या घरात बापाचं नाव घेऊन मुलाला हाक मारतो. किंवा उलट: माणसांत राहून तो त्यांच्यासारखाच उतावळा झालाय आणि घरच्यांना आता त्याची घाई सहन होत नाही. पाथफाइंडरमध्ये अशा, माणसांत वाढलेल्या आणि एकामागून एक सवंगडी गमावलेल्या एल्फांना फॉर्लॉर्न म्हणतात. त्यासाठी वेगळं फीटही आहे.

मरणाकडे कसं बघायचं याचे तयार नमुने हवे असतील तर डंजन्स अँड ड्रॅगन्समधलं एबेरॉन हे जग वाचा. तिथल्या एरेनालचे एल्फ आपल्यातल्या श्रेष्ठांना मेल्यावरही अनडाइंग कोर्टात (न मरणाऱ्यांच्या दरबारात) जपून ठेवतात आणि त्यांचा सल्ला घेतात. टायर्नाडाल एल्फ एखाद्या पूर्वजाचं आयुष्य जसंच्या तसं जगून त्याला जिवंत ठेवतात. एवढं लांब आयुष्य लाभलेले लोक मरणाने इतके झपाटलेले, यात मला मोठी गंमत वाटते. असा एल्फ खेळलात तर ‘मी पूर्वजासारखा वागतोय का?’ हा प्रश्न दर लढाईत सोबत असतो.

८. डीएमसाठी एक अडचण

तुम्ही ‘दोनशे वर्षांपूर्वी इथे महायुद्ध झालं, आता कुणालाच काही आठवत नाही’ असं लिहून आलात आणि पार्टीत एल्फ बसलाय. त्याची आई त्या युद्धात होती! मग विसरलं कोण?

तीन वाटा आहेत. युद्ध दोन हजार वर्षं मागे ढकला, सगळ्यात सोपं. किंवा एल्फांना आठवतं, पण ते बोलत नाहीत, आणि का बोलत नाहीत हेच रहस्य करा. हे जास्त चांगलं. तिसरी वाट म्हणजे हयात असणं आणि माहीत असणं यांत फरक ठेवणं. सायलेनच्या हयातीत राजधानीत राजा बदलला असेल, पण ती तेव्हा खोऱ्यात हरणं मोजत होती. अशा वेळी हिस्टरी या कौशल्याचा चेक (फासा) मागा आणि यश आलं तर पुस्तकी माहितीऐवजी साक्षीदाराची माहिती द्या: ‘तारीख आठवत नाही, पण त्या वर्षी नदीतून तीन दिवस राख वाहत आली होती.’ खेळाडूला आपलं वय कामी आल्यासारखं वाटतं आणि तुमचं रहस्यही उघडं पडत नाही.

एल्फांना मुलं फार कमी होतात, हेही जग रचताना ध्यानात ठेवा. नाहीतर साडेसातशे वर्षं जगणाऱ्या लोकांनी एव्हाना सगळा नकाशा व्यापला असता.

९. एवढा पसारा झेपत नसेल तर

हाफ-एल्फ, म्हणजे अर्धा माणूस अर्धा एल्फ, घ्या. २०१४ च्या नियमांत तो विशीत मोठा होतो आणि १८० वर्षांच्या पुढेही जगतो, म्हणजे बॅकस्टोरी माणसाइतकीच पुरते. फे अ‍ॅन्सेस्ट्री आणि डार्कव्हिजन एल्फसारखंच मिळतं, वर दोन जादा कौशल्यं. ट्रान्स मात्र नाही. त्याला इतरांसारखं झोपावं लागतं, आणि पहाऱ्याची पाळीही इतरांसारखीच येते. २०२४ च्या पुस्तकात हाफ-एल्फ स्वतंत्रपणे दिलेला नाही, तेव्हा जुन्या पुस्तकातला चालेल का ते विचारा. पाथफाइंडरच्या २०२३ पासूनच्या सुधारित पुस्तकांत त्याला ऐउव्हारिन असं नाव दिलंय. जुन्या नावाने शोधलंत तर सापडणार नाही.